अकरा मिनिटांचं कारण

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हर्षदा निगडेनं तांबेवळणच्या अकरा मिनिटांवर काट मारली. म्हणजे तिनं स्वतः काही खोडलं नाही. खोडणारा दुसराच होता. हिनं खाली सही केली, आणि सही करताना तिचं निम्मं लक्ष आज डबा घरीच राहिला ह्यात होतं.

सन २०३९. प्रोग्रॅम लिहिणं हे माणसांचं काम उरलं नव्हतं. ते काम लेखनिक करायचा. लेखनिक हे यंत्राचं नाव. दहा-बारा वर्षांपूर्वी तो इंजिनिअरांच्या हाताखाली दोन-चार ओळी सुचवायला म्हणून आला आणि पाहता पाहता त्यांच्या खुर्चीत जाऊन बसला. कानामागून आला आणि तिखट झाला, असं जुनी मंडळी म्हणायची. त्याला नावं ठेवणाऱ्यांचा तोटा नव्हता. मात्र त्यांतल्या बहुतेकांचा स्वतःचा प्रोग्रॅम जन्मात कधी पहिल्या फटक्यात चालला नव्हता, हेही सांगून टाकलेलं बरं.

लेखनिक काम कसं करायचा? जगात माणसांनी लिहिलेले कोट्यवधी प्रोग्रॅम त्यानं वाचले होते. अशा ओळीनंतर अशी ओळ येते, अशा गरजेला अशी रचना लागते, ह्याचा अचूक अंदाज त्याला त्या वाचनातून आला होता. पण नुसत्या अंदाजावर तो थांबत नसे. गावाची नळयोजना हातात आली की ती जशीच्या तशी तो आपल्या पोटात उभी करी. पंप, टाक्या, जलवाहिन्या, झडपा, विजेचे चढउतार, सगळं. मग त्या खोट्या गावावर दहा हजार वर्षांचे पूर आणि दुष्काळ सोडायचा. प्रोग्रॅम कुठं अडखळला की तो भाग पुन्हा लिहायचा. बारा माणसांनी आठ महिने घाम गाळून जे केलं असतं, ते तो एका दुपारी करून मोकळा व्हायचा, आणि माणसांपेक्षा चांगलं करायचा. हर्षदाला हे मान्य होतं.

फक्त कायद्यानं एक अट घातली होती. ज्या प्रोग्रॅमवर माणसांचे जीव अवलंबून आहेत, तो चालू होण्याआधी एका जिवंत माणसानं वाचून त्यावर सही केली पाहिजे. अशी सही करणाऱ्याला प्रमाणक म्हणत. हर्षदा पुण्यातल्या एका कंपनीत प्रमाणक होती. तिच्यासमोर दिवसाला तीनशे बदल यायचे आणि दिवस आठ तासांचा होता. भागाकार ज्याचा त्यानं करावा.

तांबेवळण नगरपरिषदेच्या पाणीयोजनेत त्या दिवशी एकसष्ट बदल होते. त्यांतला एक्केचाळिसावा असा: 'वीज परत आल्यावर पंप सुरू होण्यापूर्वीची अकरा मिनिटांची प्रतीक्षा काढून नव्वद सेकंदांवर आणली. प्रतीक्षेचा उपयोग आढळत नाही. गावाला वर्षाकाठी सुमारे दोन कोटी लिटर जादा पाणी मिळेल.' हर्षदानं सही केली. बारा वाजता तांबेवळणात नवा प्रोग्रॅम सुरूही झाला.

दुपारी ती कॅन्टीनमध्ये जेवायला बसली. काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. अर्ध्या जेवणातून उठून ती जागेवर आली आणि तिनं एक्केचाळिसावा बदल पुन्हा उघडला. खोडलेल्या जुन्या ओळीशेजारी एक शेरा होता.

'अकरा मिनिटं थांबणे. कमी करू नये. – मु. आ.'

मु. आ. म्हणजे मुकुंद आठल्ये. सकाळी सही करताना ही दोन अक्षरं तिच्या डोळ्यांसमोरून गेली होती, आणि तिनं ती जाऊ दिली होती.

आठल्ये सर म्हणजे हर्षदाचे गुरू. तेविसाव्या वर्षी ती कंपनीत आली तेव्हा प्रोग्रॅम लिहायला त्यांनीच शिकवलं. चार वर्षांपूर्वी कंपनीनं जुना विभाग बंद करायचा ठरवला, तेव्हा 'ह्या विभागाची आता गरज उरलेली नाही' अशा अहवालावर हर्षदाचीही सही होती. सर गेले. त्यांनी भांडण केलं नाही, निरोपाचा चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर दोघांत एक शब्द झाला नव्हता.

सरांची एक खोड होती. शेरा लिहायचा तर कारणासकट लिहा, नाहीतर पाटी कोरी ठेवा, असा त्यांचा दंडक होता. कारण न देता शेरा लिहिला म्हणून त्यांनी हर्षदाला सगळ्यांसमोर झापलं होतं. आणि इथं त्यांचाच शेरा, कारण नसलेला. टोचत होतं ते हे.

तिनं लेखनिकाला विचारलं, "अकरा मिनिटं का होती?"

"कारण कोणत्याही कागदपत्रात नाही," लेखनिक म्हणाला. त्याची भाषा नेहमी अशी, इस्त्री केलेली. "मी चौदा वर्षांच्या नोंदी तपासल्या. वीज दोन हजार तीनशे सात वेळा गेली. मोटार थंड होण्यास नव्वद सेकंद पुरतात. जलवाहिनीतील दाब त्याआधीच स्थिर होतो. उरलेल्या साडेनऊ मिनिटांत काहीच घडत नाही."

"काहीच घडत नाही?"

"नोंदींमध्ये काहीच घडत नाही. आपणास कारण ठाऊक असल्यास सांगावे. मी ओळ परत घालतो."

हर्षदाला कारण ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा माणूस एकच होता. तिनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. शेवटी लावला.

"बोला, प्रमाणक बाई," दुसऱ्याच रिंगला आवाज आला. चार वर्षांत आवाज थोडा बसला होता, खवचटपणा जागेवर होता.

"सर, तांबेवळण. वीज आल्यानंतरची अकरा मिनिटं. ती का ठेवली होती?"

मग एकदम वेगळ्याच सुरात, "होती म्हणजे?"

"आज काढली. बारा वाजल्यापासून नव्वद सेकंद आहेत."

"कुणी काढली?"

"लेखनिकानं. सही माझी आहे."

"हर्षदा, आत्ताच्या आत्ता पंप हाऊसला फोन लाव. जॅकवेलमध्ये माणसं उतरतात."

जॅकवेल म्हणजे नदीकाठची खोल विहीर. नदीचं पाणी जाळीतून तिच्यात येतं आणि तिथून पंप ते गावाकडं फेकतात. तांबेवळणची जॅकवेल सत्तर फूट खोल होती. जलपर्णी, पिशव्या, निर्माल्य असं काय काय येऊन जाळी तुंबायची. ती साफ करायला कुणीतरी खाली उतरायलाच हवं, आणि पंप बंद असल्याशिवाय उतरणं म्हणजे मरण. पंप बंद ठेवायला मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागे. गावाला दोन तास पाणी नाही म्हटलं की नगरसेवकांचे फोन सुरू होत, म्हणून ती परवानगी कधीच मिळत नसे. मग तिथल्या माणसांनी आपला मार्ग काढला होता. लाईट गेली की पंप आपोआप बंद पडतात. तेवढ्यात उतरायचं. लाईट आली की वर यायचं.

"लाईट आली की लगेच पंप चालू झाले तर माणूस खाली अडकेल, म्हणून गैबी मुलाणी माझ्याकडे आला," सर भराभर सांगत होते. "मी काठावर घड्याळ लावून बसलो, त्याला तीनदा चढायला लावलं. आठ मिनिटं चढायला आणि तीन देवाच्या भरवशावर. कारण लिहिलं नाही, कारण उतरणं नियमात बसत नव्हतं. लिहिलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. लाव फोन!"

पंप हाऊसचा फोन सहा वेळा वाजला. मग एका बाईंनी उचलला. "सुमन लोंढे, ऑपरेटर."

"मी पुण्याहून हर्षदा निगडे बोलतेय. प्रोग्रॅमवाली. गैबी मुलाणी कुठं आहेत?"

"मामा व्हय? हायत की हितंच." आवाज सावध झाला. "काय काम हाय?"

"सुमनताई, खरं सांगा. ते खाली उतरलेत का?"

"न्हाई वो. खाली कोण उतरतंय? नियम न्हाई तसा."

"मला आठल्ये सरांनी सगळं सांगितलंय. लाईट आहे का तिथं?"

सर म्हटल्यावर बाईंचा आवाज मोकळा झाला. "न्हाई, धा मिन्टं झाली गेलीया. मामा जाळीपाशी हायत. लई जलपर्णी आलीया काल रातीपासनं. काय काळजी करू नका, लाईट आली तरी अकरा मिन्टं असत्यात."

"नाहीत! अकरा मिनिटं नाहीत आता. दीडच मिनिट आहे. त्यांना वर बोलवा."

"असं कसं? चौदा वर्सं हायत की."

"मी काढली, सुमनताई. आज सकाळी मीच काढली."

त्या क्षणी फोनमधून पंख्याची घरघर ऐकू आली. लाईट आली होती.

"लाल बटण दाबा," हर्षदा ओरडली. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. "नाहीतर मेन स्विच ओढा. काहीही करा!"

"मॅडम, त्याला हात लावला की हापिसात आपोआप म्येसेज जातो. खुलासा द्यावा लागतो. मागल्या साली बोरकरांची पगारवाढ थांबवली."

आता सांगायला नको, पण सांगतोच. सरकारी नोकरीत माणूस वाघाला भीत नाही एवढा खुलाशाला भितो. सुमन लोंढे काही वाईट बाई नव्हती. गैबीमामाला ती सख्ख्या मामासारखं मानायची. चौदा वर्षं ज्या अकरा मिनिटांनी कधी दगा दिला नाही, त्यांवर विश्वास ठेवायचा की पुण्याच्या अनोळखी बाईवर, एवढाच तिच्यापुढं प्रश्न होता, आणि विचाराला वेळ नव्हता.

"खुलासा मी देईन," हर्षदा म्हणाली. "माझ्या नावानं द्या. ताई, तुमच्या पाया पडते, ओढा तो स्विच!"

फोन आपटल्याचा आवाज आला. मग धावणारी पावलं. मग काहीच नाही. हर्षदा उभ्या उभ्या मनात आकडे मोजत राहिली आणि साठाच्या पुढं तिला मोजवेना.

एक जड खटका ऐकू आला. पंखा थांबला.

लेखनिकाच्या नोंदीत नंतर एवढंच आलं: 'एक्क्याऐंशीव्या सेकंदाला मानवी हस्तक्षेपाने वीजपुरवठा खंडित. खुलासा अपेक्षित.' तेव्हा गैबी मुलाणी सत्तर फुटांखाली जाळीच्या फटीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होते.

त्या दिवशी हर्षदानं आणखी एकही सही केली नाही. तातडीचा अधिकार वापरून तिनं अकरा मिनिटं परत घातली. तो अधिकार बहात्तर तासांपुरताच. त्यानंतर कारण नोंदवलं नाही, तर ओळ आपोआप निघणार होती. विनाकारण ओळी घुसडून इंजिनिअर लोक कामं अडवतात म्हणून हा नियम केलेला होता. नियम करणाऱ्यांचं चुकलं होतं असंही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती तांबेवळणला निघाली. "मीही येतो," आठल्ये सर म्हणाले. खंबाटकी घाट संपेपर्यंत दोघं गाडीत मुक्यानं बसून होते.

"विभाग बंद केलास त्याचा राग नाही मला," सर शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ते होणारच होतं. तो माझ्यापेक्षा चांगलं लिहितो. पण तुला मी वाचायला शिकवलं होतं. ते तू सोडलंस."

"दिवसाला तीनशे येतात, सर."

"मग नाही म्हणायचं. दोनशे नव्याण्णवांना नाही म्हणायचं."

हर्षदाला पुष्कळ उत्तरं सुचली. मुलीचं शिक्षण, घर, 'नाही' म्हणणाऱ्या दोघा प्रमाणकांचं काय झालं ते. तिनं एकही दिलं नाही, कारण ह्यांतलं एकही कारण सरांनी स्वतःसाठी कधी पुढं केलं नव्हतं.

पंप हाऊसच्या भिंतीवर दीड फुटी अक्षरांत रंगवलं होतं: 'जॅकवेलमध्ये उतरण्यास सक्त मनाई आहे.' त्याच भिंतीला टेकून बसलेले गैबी मुलाणी उठून सामोरे आले. सत्तावन्न वर्षांचा काटक गडी, उजव्या दंडावर सोललेलं.

"या सर. या ताई." जणू पाहुण्यांचीच वाट बघत असल्यासारखं त्यांनी दोघांना बसवलं. सुमनताईंनी चहा आणला. कालचा विषय कुणी काढेना. सगळी अळीमिळी गुपचिळी.

हर्षदानंच काढला. "मामा, परवा दुपारपर्यंत मला कारण लिहावं लागेल. नाहीतर अकरा मिनिटं पुन्हा जातील."

"जाऊ द्यात की."

"आणि तुम्ही?"

"आमी उतरणार न्हाई आता. शबूद देतो." गैबीमामांनी बशी खाली ठेवली. "ताई, माजी नोकरी सात म्हैनं राह्यलीया. पेन्शन हाय. आमी नियम मोडून उतरतो हे कागदावर आलं की मला पयल्यांदा घरी बसवत्याल आन् मग इचार करत्याल. लिहू नका. हात जोडतो."

"गैबी," सर म्हणाले, "जाळी तुंबली की काय करणार?"

"तुंबंना का."

"गावाला दोन दिवस पाणी आलं नाही, बायका घागरी घेऊन इथं दारात आल्या, तर बसून राहशील?"

उत्तर सुमनताईंनी दिलं. "न्हाई राहायचं ते. सुट्टी आसली तरी येऊन उतरत्यात. म्या काय आज बघतीया?"

"मग गाव तान्हेलं ठिवू?" मामा एकदम भडकले. "चौदा वर्सं तोंडी सांगतोय सायबास्नी, म्हैन्यातनं एक दिस बंद ठिवा, दोर द्या, दिवा द्या. ऐकलं कुनी? आता तुमी लिवनार आन् पयला मार बसनार कुनाला? मला! मशीनला न्हाई, सायबाला न्हाई, तुमास्नी न्हाई."

त्यांचं खरं होतं.

परतीच्या वाटेवर सर म्हणाले, "मी त्याला शब्द दिला होता. तू दिलेला नाहीस. मला विचारशील तर मी आजही लिहिणार नाही." आणि थोड्या वेळानं, हळूच, "पण मी आता तिथं नाही. पुढचा प्रोग्रॅम दुसरंच कुणी लिहील, त्याला मु. आ. कोण हे कळणारही नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा नोंदीचा अर्ज उघडून बसली. आधी तिनं केलं ते कुणीही केलं असतं. तिनं थाप मारली.

'मोटार थंड होण्यासाठी,' तिनं लिहिलं.

"मोटारीचे तापमान नव्वद सेकंदांत सुरक्षित पातळीवर येते," लेखनिक म्हणाला. "दोन हजार तीनशे सात नोंदी सोबत जोडत आहे."

'जलवाहिनीत पाण्याचा धक्का बसू नये म्हणून.'

"धक्का चाळीस सेकंदांत शमतो. आलेख सोबत आहे."

'विहिरीतला गाळ खाली बसावा म्हणून.'

"गाळ बसण्यास पाच तास लागतील. त्यासाठी अकरा मिनिटे अपुरी आहेत." मग जरा थांबून तो म्हणाला, "आपण देत असलेली कारणे खरी वाटत नाहीत. खरे कारण सांगता न येण्यासारखे आहे काय?"

हर्षदा चमकली. यंत्रानं तिला पकडलं ह्याची लाज वाटली, आणि विचारणारं शेवटी यंत्रच निघालं ह्याचीही. चौदा वर्षांत एकाही साहेबानं हे विचारलं नव्हतं.

"सांगितलं तर एका माणसाची नोकरी जाईल," तिनं लिहिलं.

"न सांगितल्यास काय होईल?"

न सांगितल्यास मामा सात महिने उतरत राहतील. त्यांच्यामागून दुसरा कुणी उतरेल. लाईट येईल आणि दीड मिनिटात पंप सुरू होईल, आणि ती ओळ काढण्यावर सही हिची असेल. तिनं गैबीमामांना फोन लावला.

"मामा, मी लिहितेय."

"तुमास्नी कुनी इच्यारलं हुतं का वो ताई?" ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

तिनं सगळं लिहिलं. माणसं का उतरतात, कधी उतरतात, परवानगी का मिळत नाही, अकरा मिनिटं कुणी आणि कशी मोजली. नावं तिनं लिहिली नाहीत, पण तांबेवळणात जाळी साफ करणारा माणूस कोण हे शेंबडं पोरही सांगेल. अर्जाच्या तळाला आणखी एक चौकट होती: 'सदर धोका प्रमाणन करताना लक्षात का आला नाही?' इथं सगळे प्रमाणक एकच वाक्य लिहीत, 'उपलब्ध माहितीत उल्लेख नव्हता'. ते वाक्य तर ह्या बाबतीत अक्षरशः खरं होतं. हर्षदानं ते लिहिलं. नंतर खोडलं आणि लिहिलं, 'शेरा समोर होता. मी वाचला नाही. दिवसाला तीनशे बदलांवर मी सही करते आणि त्यांतले बहुतेक वाचत नाही. इतरही वाचत नसावेत.'

हे लिहिल्यावर आपली नोकरी राहणार नाही हे तिला माहीत होतं. दुसऱ्याच्या नोकरीवर खरं बोलायचं आणि स्वतःच्या नोकरीपाशी आलं की पळवाट काढायची, हे तिच्याच्यानं होईना. तिनं अर्ज पाठवला.

"आभारी आहे," लेखनिक म्हणाला. "हे आधी कळते तर मी प्रतीक्षा काढली नसती. मुळात प्रतीक्षा हा उपायही अपुरा आहे. विहिरीच्या तोंडावरचे झाकण उघडे असताना पंप सुरूच होऊ नये, अशी व्यवस्था हवी."

चाळीस सेकंदांत त्यानं नवा प्रोग्रॅम लिहिला. झाकण उघडलं की पंपांना कुलूप, आत गेलेला माणूस बाहेर आल्याची खूण पटल्याशिवाय कुलूप निघणार नाही. महिन्यातून एकदा पंप बंद ठेवायचा दिवस, मुख्याधिकाऱ्यांनी सात दिवसांत नाकारला नाही तर मंजूर समजायचा. दोर, दिवा, वर राहणारा दुसरा माणूस, ह्यांवाचून परवानगीच निघणार नाही. गैबी मुलाणी चौदा वर्षं तोंडी जे मागत होते ते सगळं. हर्षदानं त्यातली एकूण एक ओळ वाचली. त्याला पावणेदोन दिवस लागले. दोन ठिकाणी तिनं शंका काढली आणि त्यांतली एक खरी ठरली. तिची ती शेवटची सही.

आठवड्यात तिचा परवाना चौकशीपर्यंत स्थगित झाला. त्याच आठवड्यात तांबेवळणच्या मुख्याधिकाऱ्यांनी 'सक्त मनाई असताना जॅकवेलमध्ये प्रवेश केल्याबद्दल' गैबी मुलाणींना निलंबित केलं. मामा म्हणाले होते त्यात कणभर फरक झाला नाही. आठल्ये सर त्यांच्या बाजूनं साक्ष द्यायला तांबेवळणला जाऊन राहिले. अकरा मिनिटं आपली आहेत हे त्यांनी चौकशीत पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं. पेन्शनचा निकाल लागायला अजून अवकाश होता.

हर्षदा घरी होती. रोज सकाळी सवयीनं लवकर उठायची आणि काय करावं ते न सुचून गॅलरीत उभी राहायची. आपण बरोबर केलं का, हा प्रश्न तिनं स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता तो नुसता कटकट वाटायचा. दीड महिन्यानं एका सकाळी फोन आला.

"गैबी मुलाणी बोलतोय."

"मामा…"

"आज जाळी काढली. पयला मंजूर दिवस. मला आत यायला बंदी हाय, म्हून तारंच्या कुंपणाभाईर उबा हुतो. सुमन उतरली खाली. दोर बांधून, दिवा घिऊन. म्या भाईरनं वरडून सांगत हुतो, डाव्या अंगानं घाल, उजव्या अंगानं घाल. तासभर हुती खाली."

"सगळं नीट झालं?"

"झालं. मदीच लाईट गेली आन् आली. ताई, तुमच्यावर राग हाय माजा. तो जायचा न्हाई. पर सांगावं म्हून फोन केला. लाईट आली, आन् सुमन खाली असताना म्या घड्याळाकडं बगितलंच न्हाई."